काखेतला भात

सोमा, काठीचा काही संबंध नव्हता.

एवढं एक वाक्य तुला सांगायला माझ्याकडे सात वर्षं होती. शेवटी तर तू स्वतःहून विचारलंस. खाटेवर पाठीला उशी लावून बसला होतास, दम लागत होता. बोलता बोलता थांबत तू म्हणालास, "मास्तर, एक इचारू? त्या दिवशी काठी हाणली म्हणूनच मुकादम गेला न्हवं माझ्यापास्नं?"

मी म्हणालो, "असेल."

तू मान हलवलीस. छताकडे बघत म्हणालास, "मला वाटलंच. मुकं जनावर इसरत न्हाई." चार दिवसांनी तू गेलास.

परवा तुझं बारावं झालं. पानं उठल्यावर अंगणात सगळे बसले तेव्हा कोणीतरी म्हणालं, मास्तर, तुम्ही त्याचे जिवलग, दोन शब्द बोला. मी बोललो. तुझा हसरा स्वभाव, तुझे जंगलातले पाय, घळीतला प्रत्येक दगड तुला कसा ठाऊक होता. सगळं खरंच बोललो, आणि तरीही घरी आल्यावर वाटलं की आपण दिवसाढवळ्या सगळ्यांसमोर खोटं बोलून आलो. म्हणून हे लिहितोय. एरवी लिहिताना माझ्या पायाशी मुकादम पडलेला असायचा. आज नाही. का नाही, ते ओघात येईलच.

आधी एक कबूल करतो. मी तुझ्यावर जळत होतो. एखाद्या वेळी नव्हे, नेहमीच.

रामनगरहून बदली होऊन मी तुमच्या गावच्या मराठी शाळेत आलो तेव्हा गावात शिकलेला माणूस मी एकटा. अर्ज माझ्याकडून लिहून घ्यायचे, कानडीतली सरकारी पत्रं माझ्याकडून वाचून घ्यायचे. मान होता. पण मी ओसरीवर बसलो की लोक उभे राहायचे, आणि तू बसलास की लोक बसायचे. हा फरक मला पहिल्याच वर्षी कळला होता. माझी पत्नी तर स्पष्ट म्हणायची, "सोमाभावजी येऊन गेले की घर मोकळं मोकळं वाटतं." मी बत्तीस वर्षं त्या घरात होतो, सोमा. मी घरात आल्यावर घराला कसं वाटतं, ते तिनं कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तू रानातून कणगं खणून घेऊन यायचास तेव्हा ती तुला चहा द्यायची तो पितळी पेल्यातून, काठोकाठ. मला कपबशी. ती गेली त्या वर्षी मी तो पेला माळ्यावर टाकला. तुला वाटलं, मला तिची आठवण सहन होत नाही. तसं नव्हतं ते.

आणि ती असतानाच, जायच्या तीन वर्षं आधी, तू मुकादम आणलास.

कॅसलरॉककडच्या तुझ्या सासुरवाडीहून पोत्यात घालून आणलेलं ते तांबूस पिल्लू, एक कान उभा आणि एक पडलेला. नाव तुझ्या बायकोनं, वहिनींनी ठेवलं. रानातल्या कामावर मुकादम जसा पुढे चालतो आणि दर थोड्या अंतरावर मागे वळून माणसं येतायत का बघतो, तसं ते पिल्लू पहिल्या महिन्यापासूनच करायचं. दहा पावलं पुढे जायचं, थांबायचं, मान वळवायचं. तू दिसलास की पुन्हा दहा पावलं. वहिनी म्हणाल्या, "ह्यो बघा मुकादम आला, हजेरी घ्याया!" आणि तेच नाव पडलं.

त्या मान वळवण्यावर माझा जीव जडला, सोमा. तुला हसू येईल. पण माझ्या उभ्या आयुष्यात पुढे चालणाऱ्या कुणी मागे वळून मी येतोय का, हे पाहिलेलं नव्हतं. मुलगा पुण्याला गेला तो गेलाच. त्याचं चुकलं असं नाही. मीच त्याला पुढे बघायला शिकवलं होतं. आणि इथे एक कुत्रा, ज्याला तू भाताशिवाय काही दिलं नव्हतंस, दर वळणावर तुझ्यासाठी थांबत होता. तुझं लक्षसुद्धा नसायचं. तू चुन्याची डबी उघडून तंबाखू मळत यायचास आणि तो उभा. असली दौलत असून ती न मोजणाऱ्या माणसाचा किती राग येतो, ते तुला नाही कळायचं.

युक्ती तूच सांगितली होतीस. पिल्लू आणलं त्याच आठवड्यात. मी विचारलं, हे तुझ्या इतकं मागे मागे कसं करतं? तू म्हणालास, "काखंतला भात."

"म्हणजे?"

"म्हणजे काय! भाताचा गोळा करायचा, उघड्या काखंत धरायचा, आपला घाम मुरू द्यायचा, आन् मग तो घालायचा. सात दिस. आमच्या बापानं, आज्यानं असंच केलं. घामाची वळख पटली की कुत्रं जल्मात सोडत न्हाई."

मी कपाळाला आठ्या घातल्या. आरोग्याच्या धड्यातलं काहीतरी सुनावलं तुला. तू म्हणालास, "मास्तर, तुमी शाळंतल्या पोरांना काखंतला भात घातला असता तर एक पोर गैरहजर राहिलं नसतं." मी हसलो नाही, पण विसरलोही नाही.

पत्नी गेल्याला वर्ष झालं, त्या कार्तिकातली गोष्ट. तुझी भातकापणी चालू होती, तू दिवसभर शेतात. मुकादम चार वर्षांचा झालेला, गावभर फिरायचा. एका सकाळी तो माझ्या मागच्या दाराशी आला. मी चुलीपाशी एकटा. आदल्या रात्रीचा भात उरला होता.

अडुसष्ट वर्षांचा निवृत्त हेडमास्तर, सदरा काढून, दार लोटून, काखेत भाताचा गोळा दाबून स्वयंपाकघरात उभा आहे. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतोय. गार भात काखेत धरला की अंगावर काटा येतो. दहा मिनिटांनी तो कोमट होतो. मी दार उघडलं, बसलो, आणि हातावरून त्याला घातला. त्यानं हुंगला, माझ्याकडे बघितलं, खाल्ला.

तू सात दिवस म्हणाला होतास. पिल्लाला सात, मोठ्या कुत्र्याला जास्त लागतील म्हणून मी अकरा दिवस घातला. मास्तरच शेवटी. अकराव्या दिवशी संध्याकाळी तो घरी गेलाच नाही. माझ्या ओसरीवर झोपला. मी सकाळी दार उघडलं तेव्हा तो उठून शेपटी हलवत होता आणि मला इतका आनंद झाला की त्याची आज लाज वाटते.

ती सकाळ नेमकी आपल्या घळीत जायची होती.

दरवर्षी कापणी आटोपली की तू एकदा घळ फिरून यायचास. पावसाळ्यात पाणी दगड हलवतं, गेल्या वर्षीची वाट यंदा राहत नाही. गणेशगुडीकडच्या लॉजवर पाहुणे यायच्या आधी कुठला दगड पक्का आणि कुठला डुगडुगता, ते तू एकदा चालून बघायचास, म्हणजे मग मोसमभर पाहुण्यांना निर्धास्त नेता यायचं. मी सोबतीला. मुकादम आल्यापासून तर तुझं काम सोपं झालं होतं. तो पुढे चालायचा, आणि हलणाऱ्या दगडावर तो कधी पाय ठेवत नसे. एक पंजा टेकवायचा, दगड जरा जरी डळमळला तर दुसऱ्या बाजूनं जायचा. तू मला सांगितलं होतंस, "मुकादम पाय ठेवंल तिथंच ठेवायचा. आपली अक्कल चालवायची न्हाई." दगड काठीनं ठोकून बघायची जुनी सवय तू सोडून दिलीस. काठी नुसती हातात असायची.

तू अंगणात आलास. मुकादमाला माझ्या ओसरीवर बघून थबकलास. "आरं, तू हितं? रात्रभर हुडकलं की तुला!"

तो उठला नाही. शेपटी हलवली, पण बसून.

"चल रं. घळीत जायाचंय."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. तूही माझ्याकडे पाहिलंस. मी चपलेचा पट्टा लावायला खाली वाकलो. तेव्हा तू दोन पायऱ्या चढलास आणि हातातली काठी त्याच्या पाठीवर एकदाच मारलीस, हळूच. मारल्याबरोबर तुझाच चेहरा पडला. "कवा मारलं न्हवतं ओ मी ह्याला," तू मला म्हणालास. मी म्हणालो, "एखादी द्यावी लागते." असं म्हणालो मी.

घळ मी शब्दांत काय सांगू, तुझी होती ती. पण तुला कधी सांगितलं नाही म्हणून सांगतो, मला ती तुझ्याशिवाय कधीच सुंदर वाटली नव्हती. रान एकदम संपतं, पायाखालची जमीन दुभंगल्यासारखी खाली जाते, आणि आपण उतरतो ते त्या उंच करड्या कड्यांच्या मधे. वर आकाशाची एक चिंधी. कड्याच्या पोटाला आग्या माश्यांची मोठमोठी पोळी, काळ्या घोंगड्या वाळत घातल्यासारखी. तिथे तू आवाज खाली आणायचास, तंबाखू बंद करायचास, मलाही खाकरू द्यायचा नाहीस. खाली पाण्यानं कोरलेले रांजणखळगे, काही तर माणूस उभा राहील इतके खोल, आणि त्यातलं हिरवं पाणी. कड्याच्या कपारींतून पारवे एकदम उठायचे आणि त्यांच्या पंखांचा आवाज खालपर्यंत यायचा. त्या दिवशी मी यातलं काहीच पाहिलं नाही. मी फक्त माझ्या उजव्या पायाजवळ चालणारा कुत्रा पाहत होतो.

तो माझ्याजवळ चालत होता, कारण माझ्या सदऱ्याच्या खिशात केळीच्या पानात गुंडाळलेला भात होता. बाराव्या दिवसाचा.

"मुकादम! फुडं हो!" तू म्हणालास.

तो थांबला. माझा हात खिशात होता. मी भात काढला नाही, पण हातही काढला नाही.

"काठीचा राग आलाय सायबाला," तू हसून म्हणालास. "असू दे. आज मीच मुकादम!" आणि तू पुढे झालास.

मी एक शब्द बोललो असतो तर तो पुढे गेला असता. 'जा' एवढं म्हटलं असतं, तर. किंवा मागे राहून खिसा झाडला असता तर. पण मला तो माझ्याजवळ हवा होता. तू पाहावंस, असं हवं होतं.

चपट्या मोठ्या खडकाच्या अलीकडे, जिथे आपण नेहमी जेवायला बसायचो, तिथे तो दगड तुझ्या पायाखाली फिरला. आवाज फारसा झाला नाही. तू आडवा झालास आणि तुझा गुडघा दोन दगडांच्या मधे वाकडा राहिला.

पुढचं तुला ठाऊक आहे. पण तुला एक ठाऊक नाही, किंवा ठाऊक असेल आणि तू कधी बोलला नाहीस. मुकादम धावत तुझ्याकडे गेला. तुझ्या तोंडाला चाटत राहिला. मी म्हणालो, मी वर जाऊन माणसं घेऊन येतो. तू ओठ चावत म्हणालास, "जावा. ह्याला तेवढा ऱ्हाऊ द्या माझ्यापाशी."

मी ऐकलं होतं. स्पष्ट ऐकलं होतं. पारवे उठले होते, त्या आवाजात ऐकू आलं नाही असं मी पुढे स्वतःला पटवलं, पण पारवे नंतर उठले. मी मागे वळलो आणि म्हणालो, "मुकादम, चल." आणि तो आला. तुला त्या दगडांत सोडून तो माझ्यामागे आला, आणि मी वर चढलो. गावातून चार माणसं आणि एक खाट घेऊन परत यायला तीन तास लागले. तीन तास तू तिथे एकटा. वर आग्या माश्या. ओरडायचीसुद्धा सोय नाही.

जीपमधून जोयड्याच्या दवाखान्यात नेताना तू माझा हात धरून ठेवला होतास. "मास्तर, तुमी होतासा म्हणून वाचलो." आजही काही माणसं हेच सांगतात. परवाच्या बाराव्यालाही एकानं सांगितलं.

तुझा गुडघा मग कधीच वाकला नाही. घळीत पाहुण्यांना दुसरी माणसं नेऊ लागली. महिनाभरानं तूच निरोप धाडलास की मुकादमाला तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे, माझं आता कुठं जाणं-येणं न्हाई. गावात लोक बोलायचे. "सोमाचं कुत्रंबी शिकलेलं निघालं की, मास्तराकडं गेलं!" तूही त्यांच्यात हसायचास. मीही हसायचो. कोणी विचारलं तर सांगायचो, जनावराला माणसाची पारख असते. हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेन!

आणि तू यायचास. दर आठ-पंधरा दिवसांनी, चढण उतरून, काठी टेकत. आता काठीशिवाय तुला पाऊल टाकता येत नव्हतं. पण माझ्या कुंपणापाशी आलास की तू ती काठी बाहेर झुडपात लपवायचास आणि कुंपणाचे खांब धरत, एका पायावर लंगडत ओसरीपर्यंत यायचास. पहिल्यांदा मला कळलं नाही. दुसऱ्यांदा कळलं. मुकादमानं काठी बघू नये म्हणून. तुला वाटत होतं, तो त्या काठीला भ्याला, म्हणून गेला. सात वर्षं तू ती काठी झुडपात ठेवत राहिलास आणि मी खिडकीतून बघत राहिलो.

मुकादम तुला बघून शेपटी हलवायचा, तुझ्या मांडीवर डोकं ठेवायचा. मग तू जायला निघालास की माझ्याकडे यायचा. तू जाताना वळून बघायचास. तू, सोमा. तो नाही. आणि त्या वेळी मला बरं वाटायचं. लिहून ठेवतो, कारण नोंद पुरी व्हायला हवी. वाईट वाटायचं, पण आधी बरं वाटायचं.

काल सकाळी मी मुकादमाला घेऊन तुझ्या घरी गेलो. वहिनी अंगणात चटईवर मिरी पसरत होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. भात, खिसा, 'चल', 'असेल', सगळं. फळ्यासमोर उभ्या पोरासारखं.

वहिनींचे हात थांबले होते. त्या म्हणाल्या, "काखंतला?"

"हो."

"तुमच्या काखंतला?"

"हो, वहिनी."

"शी!" त्या म्हणाल्या. आणि तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतायत, पण त्यांचे खांदे हसण्यानं हलत होते, आणि मग खरंच रडण्यानं. "शाळंत पोरांना काय शिकिवलासा हो तुमी जल्मभर?"

मी म्हणालो, "माफी मागायला आलोय."

"माझी कशाला? मी काठी हाणली न्हवती." त्यांनी डोळे पुसले. "रातीला कूस बदलताना म्हणायचे, उगंच मारलं गं त्याला. सात वर्सं. शेवटच्या रातीलाबी म्हणाले. ते तुमी माझ्याकडनं फेडून घेऊ नका, मास्तर. ज्याला सांगायचं त्याला जाऊन सांगा."

"तो आता कुठे आहे, वहिनी?"

"घळीत न्हाईतर कुठं जातील?" त्या उठल्या. आत जाऊन भात, खोबऱ्याची चटणी आणि भाजलेली सुकी मासळी फडक्यात बांधून आणली. माझ्या हातात देताना म्हणाल्या, "आन् येताना कुत्र्याला हिकडंच आणा. तुमच्याकडं न्हाई ठेवायचा आता."

मी हो म्हणालो. दुसरं काही म्हणायचा मला हक्क नव्हता. पण एक सांगतो, हो म्हणताना माझ्या मनात आलं, गेलास तरी जिंकलासच शेवटी. या वयातही आलं. तू तुझ्या बायकोच्या तोंडून तो परत मागून घेतलास, आणि मला संध्याकाळी रिकाम्या ओसरीवर जायचंय.

कोपऱ्यात तुझी काठी उभी होती. वहिनींनी ती मला दिली. "धरा, पडाल." म्हणजे काल मी तुझी काठी टेकत, तुझ्या कुत्र्यामागे, तुझ्या घळीत उतरलो.

मुकादम आता म्हातारा झालाय. तोंडाभोवती पांढरा झालाय, मागचे पाय जरा ओढतो. सात वर्षं मी त्याला घळीत नेलं नव्हतं. काठावर आल्यावर त्यानं नाक वर केलं, वास घेतला आणि माझ्या आधी उतरू लागला. एक पंजा टेकवायचा, दगड जोखायचा, मग दुसरा. अजून तसंच. आणि दहा पावलांवर थांबायचा, मान वळवायचा. मी त्यानं पाय ठेवला तिथेच पाय ठेवत गेलो. माझी अक्कल चालवली नाही. पोळ्यांखालून जाताना खाकरलोही नाही.

चपट्या खडकावर बसलो. तुझी पद्धत होती, सागाच्या पानावर पहिला घास कुत्र्याचा, मग पाहुण्याचा, मग आपला. मी पान मांडलं, भात ठेवला. वहिनींच्या हातचा, फडक्यातला, साधा भात. मुकादम पानासमोर बसून राहिला. खाईना. मी म्हणालो, "खा." माझ्या घरी याच शब्दावर तो सात वर्षं खात आलाय. तो बसूनच. मग मला आठवलं. तू इथे 'खा' म्हणत नव्हतास. तू म्हणायचास, "घ्या मुकादम, हजेरी लागली."

मला ते म्हणायचं नव्हतं. तुझे शब्द तोंडात घेणं मला कधी जमलं नाही, मी आयुष्यभर लोकांना माझे शब्द लिहायला लावले. पण म्हणालो. तसंच, तुझ्यासारखं हेल काढून. तो लगेच खाली वाकला आणि खाल्लं त्यानं.

मग मी तुला सांगितलं. मोठ्यानं नाही, माश्यांच्या भीतीनं. सोमा, काठीचा काही संबंध नव्हता. त्यानं तुला सोडलं नाही, मी त्याला चोरलं. तो घामाला भुलला, आणि तो घाम माझा होता. तू 'ऱ्हाऊ द्या' म्हणालास ते मी ऐकलं होतं. तुझी काठी झुडपात दिसत होती मला. पाणी वाहत होतं. कोणी उत्तर दिलं नाही, आणि उत्तराची अपेक्षा करण्याइतका मी भोळा नाही. तरी मी थोडा वेळ थांबलो.

ऊन कड्यावरून सरकलं तसे परत निघालो. मुकादम पुढे. दहा पावलं, थांबला, वळला. मी त्याच्याकडे बघून हात केला, मी येतोय म्हणून. तो तसाच उभा. मी जवळ जाईपर्यंत उभा. आणि मग मला दिसलं की तो माझ्याकडे बघत नाही. माझ्याकडे एकदा बघून झालं होतं, माझी हजेरी लागली होती. तो माझ्या खांद्यावरून मागे, त्या वळणाकडे बघत होता, जिथून अजून एक माणूस यायचा होता.

मी सात वर्षं ती नजर माझी समजत आलो. खरं म्हणजे माझ्या फाटकापासून शाळेपर्यंत, शाळेपासून बसथांब्यापर्यंत, जिथे जिथे तो थांबून वळला, तिथे तिथे मी त्याच्या आणि त्या वळणाच्या मधे उभा होतो, इतकंच असेल. असेल म्हणतोय, कारण जनावराच्या मनातलं मला काय कळणार? पण काल ज्या वाटेवर उभा होतो, तिथे दुसरं काही मानायला जागा नव्हती. आणि खरं सांगू, सोमा, तुझी राख थंड होऊन बारा दिवस झाले तरी त्या क्षणी मी तुझ्यावर पूर्वीइतकाच जळत होतो.

पण वाट अरुंद होती, आणि मी तिच्या मधोमध उभा होतो, आणि त्याला मागचं दिसत नव्हतं.

मी काठी टेकली आणि बाजूला झालो.